मशेरी सोडताना होणारा त्रास

प्रश्न : माझी आई गेली 30 वर्षे दिवसातून चार वेळा मशेरी लावते, तव्यावर तंबाखू भाजल्याचा ठसका आमच्याकडे सकाळीच उठतो. गेल्या आठवड्यात तिने डबी स्वतःहून फेकली, परंतु तिसऱ्या दिवशी डोके धरले, पोट साफ होईना, तेव्हा शेजारच्या काकूंकडून तिने चिमूटभर आणलीच. ही दात घासण्याची सवय मानावी की व्यसन?

उत्तर 1 : व्यसनच. भाजल्याने निकोटिन नाहीसे होत नाही. ते हिरड्यांतून रक्तात उतरते, आणि मेंदू त्याला सरावलेला असल्यामुळे पहिल्या आठवड्यात त्रास सर्वाधिक होऊन पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. बद्धकोष्ठता हा त्याचाच भाग आहे.

उत्तर 2 : माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी निकोटिनचे च्युइंगम दिले होते. ते सुपारीसारखे सतत चघळायचे नसून, तोंडात झिणझिण्या येताच गालात दाबून ठेवायचे असते. हे कोणी न सांगितल्याने दोन दिवस त्यांना नुसत्या उचक्या लागल्या. 1800-11-2356 या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन विनामूल्य मिळते.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. काकूंशी आजच बोलते.