मुले मान डोलावतात, पण चूक तशीच राहते

प्रश्न : मी बारा ते चौदा वयोगटातील मुलामुलींना लांब उडी शिकवतो. उडी झाली की पाय कुठे चुकला, हात कधी मागे राहिले, धाव कुठे मंदावली हे सारे मी लगेच सांगतो. एक मुलगी दर वेळी "हो सर" म्हणून मान डोलावते आणि पुढच्याच उडीत पुन्हा उडी घेण्याची फळी ओलांडते, म्हणजे उडी बाद. आवाज चढवला, तर ती धावच आखडती घेते. माझे सांगणे कुठे कमी पडते आहे?

उत्तर १ : कमी नव्हे, जास्त होते आहे. धापा टाकत परतलेल्या मुलीला एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि तीही शक्यतो अवयवाविषयी नसावी. २०१० मध्ये जागेवरून मारायच्या लांब उडीवर एक प्रयोग झाला; त्यात "गुडघे झपाट्याने सरळ करा" असे सांगितलेल्यांपेक्षा "आरंभरेषेपासून जितके दूर जाता येईल तितके जा" असे सांगितलेले सरासरी सुमारे १० सेंटीमीटर पुढे गेले.

उत्तर २ : "हो सर" हा बहुधा सुटका करून घेण्याचा मार्ग असतो (आपणही लहानपणी हेच करत होतो). सांगण्याआधी तिला विचारा, "फळी जवळ येताना काय जाणवले?", आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबा. या वयात उंची झपाट्याने वाढते, पाऊल लांबते आणि धाव सुरू करण्याची जुनी खूण चुकू लागते. तेव्हा दोष तिचा नसेलही. राहिला आवाजाचा प्रश्न. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या बेसबॉलच्या एका अभ्यासात, धीर देत शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांची ५ टक्के मुले पुढच्या हंगामात परतली नाहीत. इतर प्रशिक्षकांच्या बाबतीत हे प्रमाण २६ टक्के होते. विशेष म्हणजे सामने जिंकण्यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता.

उत्तर ३ : मी स्वतः धावपटू होते. चूक सर्वांसमोर सांगितली, की कानांत फक्त हसणे शिरायचे. तिला बाजूला घेऊन सांगा.

प्रश्नकर्ता : आज तिला विचारून गप्प राहिलो, ते फार जड गेले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सर, हल्ली फळी लवकर येते." धावेची खूण अर्धा मीटर मागे नेली. पाचपैकी चार उड्या वैध पडल्या.