मदत हवी आहे: क्लस्टरची प्रॉडक्टिव्हिटी कशी काढतात? (अर्जंट)

रात्रपाळी: आमच्या संस्थेत क्लस्टर (एकत्र जोडलेले बरेच कॉम्प्युटर) आहे, सरांना शुक्रवारपर्यंत त्याची 'प्रॉडक्टिव्हिटी' एका आकड्यात हवीय, मी युटिलायझेशन ९२% कळवलं तर म्हणे मग पोरं जॉब (चालवायचा प्रोग्रॅम) टाकून आठवडा आठवडा रांगेत का. काय लिहू? लवकर सांगा.

चक्रधर: नोड (क्लस्टरमधले कॉम्प्युटर) किती, शेड्युलर (जॉबना रांगेत लावणारं सॉफ्टवेअर) कुठला, जीपीयू आहेत का? आम्ही काय ज्योतिषी आहोत का रे?

आंबटगोड: लिनपॅक (वेग मोजायची चाचणी) चालवून टाक. महासंगणकांची टॉप५०० यादी काढणारे १९९३ पासून तेच करतायत.

गारपीट: लिनपॅकने काय कळणार? जपानच्या फुगाकू महासंगणकाचे लिनपॅकवर ४४२ पेटाफ्लॉप्स (गणिती वेगाचं माप) आणि एचपीसीजीवर, म्हणजे मेमरीला ताण देणाऱ्या दुसऱ्या चाचणीवर, फक्त १६, चार टक्केसुद्धा नाहीत. आमचं हवामानाचं मॉडेल त्या १६ वाल्या जातीचं, सदा मेमरीची वाट बघत बसलेलं.

आंबटगोड: मग एचपीसीजी चालव म्हण, भांडतोस कशाला.

जुनाजाणता: मुळात यंत्राचा वेग म्हणजे प्रॉडक्टिव्हिटी नव्हे. डार्पाने (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) २००२ मध्ये एचपीसीएस (हाय प्रॉडक्टिव्हिटी कॉम्प्युटिंग सिस्टिम्स) प्रकल्प काढला त्यातला पी हाच, कोड लिहिण्यात गेलेला माणसाचा वेळही धरा म्हणून. क्रे कंपनीची चॅपल ही प्रोग्रॅमिंग भाषा त्यातलीच. तीन महिने एमपीआयशी (एक काम अनेक नोडवर वाटायची पद्धत) झटापट करून जॉब दोन तासांत संपला तर उत्तराला दोन तास नाही लागले, तीन महिने लागले. बाकी १९९१ ला पुण्यात परम ८००० महासंगणक आला तेव्हाचा उत्साह काही वेगळाच.

थंडगार: सर्व्हर रूमचा एसी आधी बघा. आमच्याकडे तोच प्रॉब्लेम निघाला.

रात्रपाळी: एसी ठीक आहे हो. शेड्युलर स्लर्म आहे, ४० नोड, प्रत्येकी ४८ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र हिशोब करणारे भाग), जीपीयू नाहीत. लिहायचं राहिलं.

चक्रधर: हे आधी सांगायचं ना! तुझे ९२% म्हणजे अडवलेले कोर, वापरलेले नव्हेत. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तसं. संपलेल्या एखाद्या जॉबवर स्लर्मची सेफ (seff) कमांड मार, किती कोर खरे वापरले ते दाखवते.

रात्रपाळी: मारली. ४८ कोर मागितलेत, तीन दिवस चालला होता, सीपीयू एफिशियन्सी २.०८%??

गारपीट: ४८ पैकी १. साधा सिरियल (एकाच कोरवर चालणारा) पायथन चालला होता, बाकी ४७ बसून.

रात्रपाळी: अरे देवा. ती ४८ कोर मागणारी जॉब स्क्रिप्ट नमुना म्हणून सगळ्यांना मीच दिलीय.

चक्रधर: 😂 मग रांग का लागली ते कळलं. आधी त्यातले ४८ काढ. सरांना एक आकडा देऊच नकोस, तीन दे: खरोखर वापरलेला सीपीयू वेळ भागिले अडवलेला, रांगेत थांबण्याचा मध्यक (मीडियन) वेळ, आणि किती जॉब टाइमआउट (दिलेली वेळ संपून बंद) होऊन वाया गेले ते. तिन्ही स्लर्मच्या सॅक्ट (sacct) कमांडमधून निघतात.

रात्रपाळी: आणि स्क्रिप्ट कोणी दिली विचारलं तर?

थंडगार: एसी किती टनाचा आहे ते सांगितलं नाहीत.