दाह, सूज की शोथ?

तिरफळ: मावशीला आमवात आहे. तिच्यासारख्या पेशंटसाठी हळद, सालई (डिंकाचं झाड), कळलावी (कंदाची वेल) यांच्यातल्या औषधी द्रव्यांवर छोटं पत्रक मराठीत करतेय. 'अँटी-इन्फ्लमेटरी'ला दाहशामक लिहिलं तर मावशी म्हणते, "अगं मला जळजळ कुठंय, बोटं सुजतात. हे पित्ताचं औषध का?" काय लिहू?

उंबर: शोथहर! आयुर्वेदातला शब्द आहे, तो असताना दाह कशाला? दाह म्हणजे आग. आमच्याकडे तळपायाचा दाह झाला की काशाच्या वाटीने तूप घासतात.

पारंबी: शोथ कोण बोलतं हो? लोक 'शोध' वाचतील. सरळ सूज म्हणा.

सातवीण: सूज अपुरी पडते. लाली, गरमपणा, ठणका, सूज हे सगळं मिळून इन्फ्लमेशन. लांबच्या प्रवासात पाय सुजतात ते इन्फ्लमेशन नाही. कळलावीतल्या कोल्चिसीनचं उदाहरण बघा, ते पांढऱ्या पेशींना सांध्याकडे सरकू देत नाही म्हणून गाउटचा (सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचून होणाऱ्या दुखण्याचा) ठणका थांबतो, युरिक ॲसिड तेवढंच राहतं. आणि हळद म्हणजे कर्क्युमिन (तिच्यातलं पिवळं औषधी द्रव्य) असं नका लिहू, हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के, त्यातलंही रक्तात फार थोडं जातं.

उंबर: कळलावीवरून आठवलं, कळ लावते म्हणजे भांडण लावते म्हणून ते नाव. आजी ते फूल घरात आणू द्यायची नाही.

पारंबी: नाही हो, बाळंतपणाच्या कळा! अडलेल्या बाईला कंद उगाळून लेप लावायचे. संस्कृतात गर्भपातिनी म्हणतात ते काय उगाच?

सातवीण: लेप वगैरे पत्रकात चुकूनही नको. कंद आणि बिया विषारी आहेत. गोळीत कोल्चिसीन अर्धा मिलिग्रॅम असतं, कंदात किती ते घरी कोण मोजणार?

तिरफळ: नाही घालत. पण माझा शब्द? 'आतली सूज आणि ठणका कमी करणारं' असं मावशीला वाचून दाखवलं, तिला लगेच कळलं. फक्त दर ओळीत एवढं लांब कसं छापू?

उंबर: म्हणूनच म्हणतो शोथहर, चार अक्षरं, एकदा कंसात अर्थ द्या की लोक शिकतात. आणि पारंबी, गर्भपातिनी असेल, पण म्हणून भांडणाचा अर्थ कसा खोटा ठरला? कळीचा नारद म्हणतोच ना आपण?

पारंबी: ती कळ वेगळी, ही कळ वेगळी! आमच्या गावच्या सुईणीचा शब्द आहे हा, मी लहानपणी स्वतः ऐकलाय.