परदेशी क्रिप्टो एक्स्चेंज सोलापुरात राहणाऱ्याला खुले आहे का? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०२
सर्वांना नमस्कार. माझा भाचा दुबईत नोकरीला आहे. तो ज्या परदेशी क्रिप्टो एक्स्चेंजवर व्यवहार करतो, तिथेच मीही खाते उघडावे असा त्याचा आग्रह आहे. ॲप माझ्या फोनवर घेता आले, मोबाइल क्रमांक टाकल्यावर ओटीपीही आला; मात्र ओळख पडताळणीच्या पानावर राहण्याचा देश निवडायच्या यादीत भारताचे नाव दिसत नाही. माझी एक मुदत ठेव पुढच्या आठवड्यात पूर्ण होत असून त्यातील काही रक्कम इथे ठेवण्याचा विचार आहे. हे एक्स्चेंज आपल्याला खुले आहे की नाही, हे ए-१०४ मधील काकांनी कृपया सांगावे, कारण कराची कामे तेच पाहतात.

बी-४०१
दादा, भाच्याचा तिथला पत्ता द्या आणि व्हीपीएन, म्हणजे फोन कोणत्या देशात आहे ते लपवणारे ॲप, लावा, म्हणजे खाते उघडेल. माझ्या ओळखीतल्या काही जणांनी असेच केले आहे आणि आजवर त्यांना कोणी विचारलेले नाही.

ए-१०४
बी-३०२, आपण पैसे भरण्याआधी विचारलेत, हे फार चांगले झाले. थोडे सविस्तर लिहितो.

मुळात क्रिप्टोची खरेदी-विक्री भारतात गुन्हा नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली होती. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. त्यामुळे आपला प्रश्न क्रिप्टो चालते का हा नसून, हे विशिष्ट एक्स्चेंज भारतात राहणाऱ्याला कायदेशीर सेवा देऊ शकते का, हा आहे.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने अशी सेवा देणाऱ्या सर्वांना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले. तेव्हापासून भारतातील ग्राहक घेणाऱ्या एक्स्चेंजला, त्याचे कार्यालय जगात कुठेही असले तरी, फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करणे बंधनकारक आहे. ही नोंदणी न करता व्यवसाय करणाऱ्या ९ परदेशी एक्स्चेंजना २८ डिसेंबर २०२३ रोजी कारणे दाखवा नोटिसा गेल्या. त्यांत बायनान्स, कुकॉइन, क्रॅकेन, बिटफिनेक्स यांसारखी मोठी नावे होती. त्यांची संकेतस्थळे बंद करण्याची शिफारसही झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांची ॲप भारतातील ॲप स्टोअरमधून उतरवली गेली. आदल्या महिन्यापर्यंत सहज उघडणारे ॲप असे एकाएकी दिसेनासे झाले, तेव्हा लोकांचे पैसे आत होते.

त्यानंतर प्रत्येक परदेशी एक्स्चेंजची वाट वेगळी झाली, मग ते त्या नऊंतले असो वा नसो. कुकॉइनने ३४ लाख ५० हजार रुपये दंड भरून नोंदणी केली. बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला आणि नोंदणी करून ते परत आले. ओकेएक्सने मात्र भारतातून काढता पाय घेतला आणि इथल्या ग्राहकांना ३० एप्रिल २०२४ पर्यंत खाती मोकळी करायला सांगितले. बायबिटने जानेवारी २०२५ मध्ये भारतातील सेवा थांबवली, त्यांना ९ कोटी २७ लाखांचा दंड झाला, आणि नोंदणीनंतर ती सेवा पुन्हा सुरू झाली. म्हणून एखाद्याने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या उत्तरावर आज विसंबू नये. आजची स्थिती त्या एक्स्चेंजच्या सेवाशर्तींत आणि त्याच्या नोंदणीत पाहावी लागते.

आपल्याबाबतीत त्या यादीनेच उत्तर दिलेले आहे. भारतात राहणाऱ्याचे खाते आपण घेत नाही, असे ते एक्स्चेंज स्वतः सांगत आहे. ॲप फोनवर आले आणि ओटीपी आला, याचा अर्थ एवढाच की तिथपर्यंत कोणी आपला देश विचारला नव्हता.

बी-३०२
पण काका, भाचाही भारतीयच आहे. पासपोर्ट आमच्या दोघांचाही भारताचाच. मग त्याला चालते आणि मला का चालत नाही?

ए-१०४
कारण तिथे नागरिकत्वापेक्षा वास्तव्याला महत्त्व आहे. भाच्याकडे अमिरातीचा रहिवासी परवाना आहे, तिथला पत्ता आहे, आणि दुबईत या व्यवसायावर देखरेख ठेवण्यासाठी २०२२ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. तो उद्या नोकरी सोडून जुळे सोलापूरला राहायला आला, तर त्यालाही वास्तव्याचा बदल कळवावा लागेल आणि कदाचित खाते बंद करावे लागेल. हा नियम भारतापुरता नाही. बायनान्सचे मुख्य व्यासपीठ अमेरिकेत राहणाऱ्यांना घेत नाही. कॅनडातून माघार घेत असल्याचे त्यांनी मे २०२३ मध्ये जाहीर केले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून नवे ग्राहक घेणे थांबवले. एकच कंपनी, पण दार देशागणिक वेगळे.

आता बी-४०१ यांच्या सूचनेविषयी. बाळा, तू मदतीच्या भावनेने लिहिलेस हे मला समजते, पण हा सल्ला ग्रुपवर राहू नये असे मला मनापासून वाटते. व्हीपीएन लावून आणि दुसऱ्याचा पत्ता देऊन उघडलेल्या खात्यात पैसे आत जाताना कोणी अडवत नाही. प्रश्न पैसे काढताना येतो. रक्कम मोठी झाली की एक्स्चेंज पुन्हा ओळख पडताळते, सध्याच्या पत्त्याचा पुरावा मागते, आणि तो जुळला नाही की खाते गोठवते. तिथे दाद मागायला गेलात तर पहिला मुद्दा असा निघतो की आपण खोटी माहिती देऊन खाते उघडले होते. शिवाय भाच्याचे नाव त्यात गुंतते आणि तो परक्या देशात नोकरी करतो, याचाही विचार करावा.

आत जाण्याच्या वाटेइतकीच बाहेर येण्याची वाट मला महत्त्वाची वाटते, आणि त्यासाठी एक प्रसंग सांगतो. होटगी रोडवरील एक दुकानदार माझ्याकडे येतात. त्यांनी अशाच एका परदेशी एक्स्चेंजवरील यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी जोडलेले क्रिप्टो नाणे, पीटूपी पद्धतीने विकले, म्हणजे एक्स्चेंजवर भेटलेल्या अनोळखी खरेदीदाराने रुपये थेट त्यांच्या चालू खात्यात टाकले. रक्कम आली, त्यांनी त्यातून मालाची देणी भागवली. काही आठवड्यांनी त्यांचा धनादेश परत आला. बँकेत विचारले तेव्हा कळले की ते रुपये परराज्यातील कोणा फसवल्या गेलेल्या माणसाचे होते, त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली होती, आणि पैशाचा माग काढत पोलिसांचे पत्र या खात्यापर्यंत पोहोचले होते. या गृहस्थांनी कोणालाही फसवले नव्हते, तरी ऐन दिवाळीच्या हंगामात खाते अडकले आणि कामगारांचे पगार उसने घेऊन करावे लागले. समोरचा खरेदीदार कोण होता, हे सांगायला एक्स्चेंजचा भारतात माणूसच नव्हता.

सी-२०३
काका, याच अनुषंगाने माझाही प्रश्न आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या कारखान्यातून टॉवेल आखातात जातात. तिथला एक व्यापारी म्हणतो की बँकेतून पैसे यायला वेळ लागतो, तर तो यूएसडीटीमध्ये देईल, आणि मी भारतात नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर ते विकून रुपये घ्यावेत. एक्स्चेंज नोंदणीकृत असेल तर यात अडचण नसावी ना?

ए-१०४
अडचण आहे, आणि ती मोठी आहे. निर्यातीचे पैसे फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे अधिकृत बँकेमार्फतच यावे लागतात. शिपिंग बिलाची नोंद बँकेच्या प्रणालीत उघडी राहते आणि बँकेत परकीय चलन जमा झाल्यावरच ती मिटते. त्यावरच तुम्हाला ई-बीआरसी, म्हणजे निर्यातीचे पैसे बँकेत आल्याचा दाखला, मिळते. यूएसडीटी मिळाले तर बँकेच्या लेखी तुमचे पैसे आलेलेच नाहीत. माल गेला, वसुली नाही, अशी नोंद तुमच्या नावावर राहील आणि निर्यातीवरील सवलतींवरही गदा येईल. एक्स्चेंज तुम्हाला ग्राहक म्हणून खुले असले, तरी निर्यातीची वसुली करायला ते खुले नाही. त्या व्यापाऱ्याला स्पष्ट नकार कळवा.

ए-३०१
नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर पैसे सुरक्षित असतात, असे आम्ही ज्येष्ठ नागरिकांनी समजावे का?

ए-१०४
नाही, काकू. एफआययूची नोंदणी काळ्या पैशाचा माग राहावा यासाठी आहे. बँकेतील ठेवीला जसे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते, तसे इथे काहीही नाही. वझीरएक्स हे भारतीय एक्स्चेंज आहे, तरी जुलै २०२४ मध्ये तिथून २३ कोटी डॉलरच्या आसपास क्रिप्टो चोरीला गेले आणि सामान्य ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले.

कराचेही ध्यानात असू द्या. नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि त्यावर अधिभार-उपकर लागतो, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस आहे. पीटूपीमध्ये तो कापण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते, आणि बहुतेकांना ते ठाऊकच नसते. परदेशी एक्स्चेंजवर कमावले म्हणून ते इथल्या विवरणपत्रातून सुटत नाही.

सचिव
बी-४०१ यांना विनंती की त्यांनी व्हीपीएनचा संदेश काढून टाकावा. ग्रुपवर इतरही कोणी तो वाचून तसे करू नये.

बी-४०१
काढला आहे. पैसे बाहेर काढण्याचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. ज्यांनी असे केले आहे, त्यांनाही आजच कळवतो.

बी-३०२
काका, मनापासून आभार. भाच्याला फोन करून नकार कळवला आणि अर्धवट उघडलेले खाते बंद करण्याचा अर्ज ॲपमधून पाठवला. पडताळणीच्या पानावर मी पॅन कार्डाचे छायाचित्र आधीच चढवले होते, त्याचे काय करावे?

ए-१०४
छायाचित्र काढून टाकावे अशी लेखी मागणी त्यांच्या ग्राहक सेवेकडे ईमेलने करा आणि उत्तर जपून ठेवा. पॅनवर कोणी कर्ज उचलले नाही ना, हे पाहण्यासाठी पुढील काही महिने क्रेडिट अहवाल तपासत राहा. रविवारी सकाळी मी सोसायटीच्या कार्यालयात आहे. फोन घेऊन या, ईमेल आपण तिथेच लिहू. मुदत ठेवीचे तोपर्यंत बँकेत नूतनीकरण करून ठेवा.