रॉथशिल्ड नावाच्या दोन वाइन, मालक एकच का?

सायली_पुणे:
गेल्या महिन्यात नवऱ्याच्या कामानिमित्त फ्रान्समधल्या बोर्डोला चार दिवस होतो, एक दिवस गाडी काढून जवळच्या पोयाक गावाला गेलो. तिथे शातो (म्हणजे द्राक्षमळा आणि त्याचा वाडा) लाफीत रॉथशिल्ड आणि शातो मूटॉन रॉथशिल्ड अगदी शेजारी शेजारी, बांधाला बांध लागून म्हणावं असे, पण गाईड म्हणाला दोघांचे मालक वेगळे. हे भाऊबंदकीतून झालं का? आणि रॉथशिल्ड हे तर ज्यू कुटुंब ना, दुसऱ्या महायुद्धात मग या द्राक्षमळ्यांचं काय झालं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

द्राक्षबाग:
भाऊबंदकी नाही ताई, एकाच घराण्याच्या दोन शाखा आहेत. मूटॉन १८५३ साली लंडनच्या शाखेतल्या नॅथॅनियलने लिलावात घेतलं, आणि लाफीत १८६८ मध्ये त्याच्याच काकांनी, म्हणजे पॅरिसच्या जेम्सने घेतलं. मधे १८५५ ला बोर्डोच्या वाइनची प्रतवारी झाली, ती मुख्यतः बाजारभावावरून. लाफीत पहिल्या वर्गात आणि मूटॉन दुसऱ्या वर्गात सगळ्यात वर, आणि ही सल मूटॉनवाल्यांनी शंभरावर वर्षं जपली.

खरा माणूस म्हणजे नॅथॅनियलचा पणतू फिलिप. १९२२ साली विसाव्या वर्षी कारभार हातात घेतला. तेव्हा शातोवाले वाइन पिंपातच व्यापाऱ्याला द्यायचे आणि बाटल्या तो बोर्डोत भरायचा, त्यात काय मिसळलं ते मालकाला कळायची सोय नाही (आपल्याकडे देवगडच्या पेटीत दुसरीकडचा आंबा निघाला की बागायतदाराचा जीव कसा तुटतो, तसंच). फिलिपने १९२४ पासून सगळं पीक शातोमध्येच बाटलीत भरायचं ठरवलं, त्यासाठी १९२६ मध्ये शंभर मीटर लांब तळमजली कोठार बांधलं. मला त्याचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, लेबलांचं कौतुक नंतर.

मीनल_ठाणे:
युद्धाचं मी सांगते, वाचून फार कालवाकालव झाली होती. विशी सरकारने (जर्मनांशी हातमिळवणी केलेलं फ्रान्सचं सरकार) फिलिपचं नागरिकत्व काढून घेतलं, मळा जप्त केला, तो कसाबसा पिरेनीज डोंगर ओलांडून लंडनला, तिथून जर्मनांविरुद्ध लढा चालवणाऱ्या फ्रेंच सेनानी द गॉलकडे पोचला. त्याची बायको लिली फ्रान्समध्येच राहिली, ती ज्यू नव्हती, जन्माने कॅथलिक, तरी गेस्टापोने (नाझींचे गुप्त पोलीस) पकडून राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं आणि १९४५ ला ती तिथेच वारली. मुलगी फिलिपीन तेव्हा अकरा-बारा वर्षांची. आणि त्याच १९४५ च्या मूटॉनच्या लेबलवर फिलिपने विजयाचा मोठा व्ही छापला, खाली "विजयाचं वर्ष" असं फ्रेंचमध्ये. लोक ती बाटली लिलावात किमतीसाठी बघतात, मला त्या व्हीकडे बघितलं की लिलीच आठवते.

द्राक्षबाग:
+१ मीनलताई. आणि त्या वर्षी मे महिन्यात हिम पडून पीकही फार थोडं आलं होतं, पण वाइन शतकातल्या उत्तम वाइनपैकी एक.

त्यानंतर दरवर्षी एका चित्रकाराचं लेबल असं सुरू झालं, दाली, मिरो, शागाल सगळे, आणि मानधन म्हणून पैसे नाही, वाइनच. १९७३ साली मूटॉनला अखेर पहिला वर्ग मिळाला, त्या हुकमावर सही करणारे शेतीमंत्री म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जाक शिराक, आणि त्या वर्षीच्या लेबलवर पिकासो.

सायली_पुणे:
खूप धन्यवाद दोघांनाही, तिथे असताना हे माहीत असतं तर नुसते फोटो काढून पुढे गेलो नसतो. फिलिपीनचं पुढे काय झालं?

मीनल_ठाणे:
ती आधी नाटकात काम करायची, अगदी कॉमेदी फ्रांसेज या पॅरिसच्या नामांकित नाट्यसंस्थेमध्ये. १९८८ ला वडील गेले आणि मळा तिने सांभाळायला घेतला, २०१४ ला ती गेली, आता तिची तीन मुलं बघतात. आणि तिच्याच काळातल्या २००९ च्या बाटलीचं लेबल आपल्या मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार अनिश कपूरचं आहे, काळपट लाल रंगाचं, नेटवर नक्की बघा.