शब्दचर्चा: देवाचे 'उतराई' की देवाचे 'ऋणी'?

पाचपाखाडीकर
आमच्या सोसायटीच्या माघी गणपतीत यंदा एका सभासदाने प्रसादाचा सगळा स्वयंपाक अंगावर घेतला. मुलगा मोठ्या आजारातून उठला म्हणून. त्याने नवस बोललेला नव्हता, पुढचं मागणंही काही नव्हतं. त्यांच्या नावाने फलक लागला: 'आम्ही गणरायाचे सदैव उतराई आहोत.' वाचायला गोड आहे, पण उतराई म्हणजे ऋणी की ऋणातून सुटलेला? आणि अशा सेवेला म्हणायचं काय? 'नवस फेडला' तर म्हणता येत नाही.

ऐरोलीकर
उतराई म्हणजे उपकार फेडून मोकळा झालेला. म्हणजे फलक असं म्हणतोय की देवा, तुझा माझा हिशेब चुकता, आणि तोही सदैव! 'ऋणी आहोत' हवं होतं. लग्नपत्रिकांपासून निवडणुकीच्या आभारापर्यंत ही चूक सर्रास दिसते.
मुळाशी 'उतरणे' आहे. हिंदीत उतराई म्हणजे नावेचं भाडं. तुलसीदासांचा केवट रामाला गंगापार नेताना 'न नाथ उतराई चहौं' म्हणतो, ते हेच. आपल्याकडे 'उतारू' त्याच घरातला. भाडं दिलं, पलीकडे उतरलो, नावाड्याचं देणं संपलं.

खारेगावची काकू
ऐरोलीकर, बरोबर. फक्त संतांच्या तोंडी हा शब्द कसा येतो तेही बघा. तुकोबा संतांच्या उपकारांबद्दल म्हणतात, 'काय द्यावें यांसी व्हावें उतराई । ठेवितां हा पायीं जीव थोडा'. जीव पायावर ठेवला तरी पुरत नाही. उतराई होता येत नाही हे सांगायलाच शब्द वापरलाय. रोजच्या बोलण्यातही 'कसा उतराई होऊ?' असं विचारतो आपण, 'झालो बुवा एकदाचा उतराई' असं कोणी म्हणत नाही.

दिवाळेकर
नवसाचं व्याकरण वेगळं. नवस बोलतात, मग तो फेडतात. कर्ज फेडतात तसाच. आम्हा आगरी-कोळ्यांत एकवीरा आईला चैत्रात जायचं तर घरातलं जाणतं माणूस आधी विचारतं, कुणाचा नवस राहिलाय का? राहिलेला नवस म्हणजे थकबाकी. पण देवीला 'मान' देतात तो फेडण्यातला नाही. पोर पास झालं तरी द्यायचा, नापास झालं तरी द्यायचा.
नवसाला हलकं मात्र समजू नका. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीला वसई जिंकल्यास देऊळ बांधीन असं चिमाजीअप्पा बोलले होते, असं सांगतात. १७३९ मध्ये वसई पडली, देवळाची आख्यायिका तिथून.

घोडबंदररोड
सोपा शब्द आहे की. निष्काम सेवा.

ऐरोलीकर
मला नाही पटत. 'निष्काम' पुढे बघतो: फळाची इच्छा नाही. 'कृतज्ञ' मागे बघतो: कृत म्हणजे केलेलं, ते जाणणारा. कर्तव्य म्हणून कोरडेपणाने केलेलं कामही निष्काम असू शकतं. या गृहस्थांचा मुलगा वाचलाय, त्यांच्या सेवेत कोरडेपणा कुठला?
गंमत म्हणजे गीतेच्या सातव्या अध्यायात (७.१६) भजणारे चार सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. संकट टळल्यावर आर्ताचं काय होतं, त्यानंतरही तो भजत राहिला तर त्याला काय म्हणायचं, याला तिथे वेगळा शब्द नाही. पुढे चौघांनाही 'उदार' म्हटलंय, तेव्हा नवसवाल्यांनी नाराज होऊ नये.

खारेगावची काकू
नाम कशाला शोधता, मराठीने ते क्रियापदात ठेवलंय. वारकरी 'मी वारी केली' असं सहसा म्हणत नाही. वारी घडली, दर्शन घडलं, सेवा घडली. 'केली' म्हटलं की माझ्या खात्यावर जमा होते, आणि जमा झालं की आज ना उद्या व्याज मागावंसं वाटतं. 'घडली' म्हटलं की तेही त्यानेच दिलेलं. मग सेवा हेच आणखी एक देणं होऊन बसतं, उतराई व्हायचं राहतं बाजूला!

घोडबंदररोड
काकू, हे मस्त. पण फलकावर 'आमच्या हातून सेवा घडली' लिहिलं की त्यातही थोडी मिरवणूक येतेच. :)

खारेगावची काकू
येते. फलक आला की येतेच ती.

पाचपाखाडीकर
सगळ्यांचे आभार (ऋणी आहे, उतराई नाही). गृहस्थांना विचारलं. म्हणाले, उतराई हा शब्द छापणाऱ्याने सुचवला, मला कानाला बरा वाटला. पुढच्या वर्षी फलकच नको म्हणतायत, चुलीपाशी मात्र त्यांनाच उभं राहायचंय.
जाता जाता: आरतीनंतर भजनी मंडळाने 'सेवा रुजू केली' असं जाहीर केलं. हा 'रुजू' आणि 'कामावर रुजू होणे' यातला रुजू एकच का?

ऐरोलीकर
एकच, अरबीतून फारसीमार्गे आलेला. दफ्तरातून देवळात गेला. त्यावर वेगळा धागा काढा, बरंच निघेल.