'अ‍ॅनिमेटर'ला मराठीत काय म्हणावं?

चक जोन्सबद्दल (1912–2002) लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडले. 'अमेरिकी व्यंगचित्रकार' असं लिहून खोडलं. व्यंगचित्र म्हटलं की कुणाच्या तरी व्यंगावर ठेवलेलं बोट आठवतं, तेही वर्तमानपत्रात एका चौकटीत. मग 'चलच्चित्रकार' लिहिलं. तेही पटेना.

1949 पासून जोन्सने रोड रनर हा सुसाट पळणारा पक्षी आणि त्याच्या मागे लागलेला कोयोटी (लांडग्यासारखा प्राणी) यांचे कार्टून लघुपट केले. धावता धावता कोयोटी कड्याच्या पुढे जातो. अधांतरी उभा राहतो, पण पडत नाही. खाली बघतो, मग आपल्याकडे बघतो. कान हळूच लवतात. आणि मग तो जातो खाली. हसू फुटतं ते पडण्याच्या आधी, पडद्यावर जवळजवळ काहीच हलत नसतं तेव्हा. हे 'चल' धातूत कसं मावणार? बग्ज बनी या कार्टून सशाची तर नुसती एक भुवई वर जाते आणि पुढचा सगळा डाव आपल्याला कळतो.

'अ‍ॅनिमेशन'च्या मुळाशी लॅटिन 'अनिमा' आहे, म्हणजे श्वास, जीव. त्यामुळे 'सचेतनपट' हा शब्द मला नेमका वाटतो. 'सचेतनकार' मात्र जिभेला जड जातो.

शिवाय अ‍ॅनिमेटर नेमकं कुणाला म्हणायचं? जोन्सची सुरुवात अब आयवर्क्सच्या स्टुडिओत सेल धुण्यापासून झाली. (हा सेल बॅटरीचा नव्हे, सेल्युलॉइडचा पारदर्शक ताव. धुऊन तो पुन्हा वापरत.) पुढे तो अ‍ॅनिमेटर झाला आणि 1938 मध्ये दिग्दर्शक. दिग्दर्शक म्हणून तो महत्त्वाच्या मुद्रा स्वतः रेखाटायचा, त्यांना हालचाल द्यायचे केन हॅरिससारखे अ‍ॅनिमेटर. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम), म्हणजे सहा मिनिटांना 8,640. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी चार हजारांवर चित्रं. 1996 चं मानद ऑस्कर जोन्सला मिळालं. लिहिताना हॅरिससाठीही शब्द हवा, आणि तो 'सहायक' नक्कीच नको.

म्हणून नामासाठी मी 'अ‍ॅनिमेटर'च ठेवते. क्रियापद मात्र आपल्याकडे तयार आहे. नटाने भूमिका 'जिवंत केली' असं आपण सहज म्हणतो. 'हॅरिसने कोयोटी जिवंत केला' हे वाक्य कुणाला खटकतं का?